अठ्ठ्याऐंशीव्या पानावरची पट्टी

अड्याळ, ता. पवनी, जि. भंडारा
९ जून २०२५

चि. रुचिता,
सप्रेम जय भीम.

मुद्रितशोधकाने लेखकाशी थेट पत्रव्यवहार करू नये, शंका प्रकाशकामार्फत कळवाव्यात, असा प्रघात आहे आणि तो योग्य आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सोळा वर्षे मी तो पाळला. या वेळी मात्र नागपूरच्या प्रकाशकांनी मुद्रितांच्या गठ्ठ्याला लेखिकेचा पुण्याचा पत्ता टाचून दिला आणि म्हणाले, "शास्त्रीय मजकूर आहे, सर, तुम्ही थेटच विचारून घ्या." लेखिका माझी कन्या आहे हे त्यांना ठाऊक नाही. मी होऊन सांगितले नाही. काम परत करावे असे दोन दिवस मनात होते. तिसऱ्या दिवशी पहिले पान वाचले, त्यात सात चुका आढळल्या. इतक्या चुका असलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती सोपवणे मला प्रशस्त वाटले नाही.

तेव्हा हे पत्र केवळ कामाचे आहे. सहा वर्षांनी लिहितो आहे म्हणून त्यात आणखी काही शोधू नकोस.

सत्तावीस शंकांची यादी सोबत जोडली आहे. त्यांपैकी ज्यांचे स्पष्टीकरण आवश्यक वाटते त्या येथे लिहितो.

ही टीटी माकडे पेरू देशाच्या जंगलात राहतात, आकाराने मांजराहून लहान असतात आणि आपल्याकडच्या वानरांसारखी टोळीने न राहता एक नर, एक मादी व त्यांची पिल्ले एवढाच गट करून राहतात, हे तू अकराव्या पानावर सांगतेस. ते पहिल्या पानावर हवे. वाचकाला दहा पाने अंधारात चालवू नये.

पृष्ठ १४. तू अभ्यासलेल्या तीन गटांना करडी, अड्याळ आणि आंधळगाव अशी नावे दिली आहेस. पेरूतील तुझ्या सहायकांना 'ळ' उच्चारता येत नसल्याने तिकडे त्या गटाचे 'अड्याल' झाले, ही तळटीप काढू नये. करडी हे तुझ्या आईचे माहेर. ते नाव कोणत्या गटाला आणि का दिले, याचा खुलासा पुस्तकात नाही. असावाच असा माझा आग्रह नाही.

सर्वत्र 'माकडं', 'पिल्लं', 'झाडं' असे लिहिले आहेस. बोलताना ते चालते. ग्रंथात 'माकडे', 'पिल्ले', 'झाडे' हवे. मी तसे केले आहे.

पृष्ठ ३१. जोडपे फांदीवर शेजारी बसले की दोघांच्या शेपट्या पिळाच्या दोरीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. येथे दुरुस्ती नाही. वाक्य चांगले आहे.

माझी प्रकृती ठीक. फेब्रुवारीत डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, म्हणून हे काम जमते. स्वयंपाकाला एक बाई येतात.

परसराम
(मुद्रितशोधक)


अड्याळ
२३ जून २०२५

चि. रुचिता,
सप्रेम जय भीम.

उत्तरे मिळाली. सत्तावीसपैकी एकोणीस दुरुस्त्या तू मान्य केल्यास. 'माकडे' अमान्य केलेस आणि समासात लिहिलेस, "माकडंच राहू द्या. मी मुलांसाठी लिहिते आहे, परीक्षकांसाठी नाही." मुलांनीच शुद्ध का वाचू नये, हे मला कळलेले नाही. पण पुस्तक तुझे आहे. सर्व मात्रा काढून पुन्हा अनुस्वार दिले. त्याला साडेतीन दिवस लागले.

आता पृष्ठ ६३. हे पान मी एकाहून अधिक वेळा वाचले.

अड्याळ गटातील मादी पावसाळ्यानंतर दिसेनाशी झाली. तिचे काय झाले ते कळले नाही, असे तू प्रामाणिकपणे लिहितेस. नर आणि दोन पिल्ले उरली. पहाटे नर-मादी मिळून जी आरोळी देतात ती नर काही दिवस एकट्यानेच देत राहिला, मग थांबला. थोरली लेक तीन वर्षांची होती. ती गटाच्या कडेकडेने राहू लागली, दोनदा जाऊन परत आली आणि तिसऱ्यांदा परत आली नाही. यानंतरचे तुझे वाक्य असे आहे : "तिला कोणी हाकललं नाही. ती गेली."

यावर माझी शंका अशी होती की, हे विधान इतक्या खात्रीने करता येईल काय? तू तेथे पूर्ण वेळ नव्हतीस. प्रत्येक हाकलणे दात दाखवूनच होते असे नाही. फळांच्या झाडावर जागा न देणे, जवळ आली असता तोंड फिरवून बसणे, हेही हाकलणेच. निदान 'हाकलल्याचे दिसले नाही' असे म्हणावे.

तुझे उत्तर समोर आहे. "'दिसलं नाही' हे बरोबर, तसं करा. पण बाबा, ही माकडं आहेत. वयात आलेलं पिल्लू जोडीदार शोधायला बाहेर पडतं, त्यात कोणाचा राग नसतो. आपल्याला त्यांच्यात शोधू नका."

मी कोणालाही शोधत नव्हतो. मी विधानाची काटेकोरता तपासत होतो.

तरीही हे पान काल संध्याकाळी पुन्हा वाचले. या वेळी मोठ्याने, कारण यशोदाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि त्यांनी विचारले की, मास्तर रोज या कागदांत एवढे काय पाहतात. यशोदाबाई म्हणजे स्वयंपाकाच्या बाई, मासोळी विकणाऱ्या. बाजारात पिंपळाखाली बसतात, तुला आठवतील. 'टीटी' हे नाव ऐकून त्या म्हणाल्या, "रेल्वेतला का?" मी माकड असल्याचे सांगितले. "मंग ठीक हाये. रेल्वेतला तं जोडीनं दिसत नाही कदी."

नंतर मादी नाहीशी झाल्याचा भाग ऐकून त्यांनी तांदळाचे सूप खाली ठेवले. मग विचारले, "मंग त्या नराचं काय झालं? एकटाच रायला का?"

मी त्यांना पृष्ठ ७० वाचून दाखवले. सात महिन्यांनी परक्या भागातून एक मादी आली. आठवडाभर दूर बसली. मग एके सकाळी दोघांच्या शेपट्या गुंफलेल्या आढळल्या.

त्यांनी तांदळाचे सूप उचलले आणि आत गेल्या.

परसराम


अड्याळ
७ जुलै २०२५

चि. रुचिता,

हे पत्र घाईत लिहितो आहे. माझ्याकडून चूक झाली आहे. तिला दुसरा शब्द नाही.

संपूर्ण पुस्तक तपासून, प्रत्येक सोळा पानी फर्म्यावर 'छपाईस योग्य' असे लिहून व स्वाक्षरी करून मी गेल्या सोमवारी नागपूरला पाठवले. पृष्ठ ८८ वर तुझे वाक्य असे होते : "पिल्लाला आईपासून दूर केलं तर ते अस्वस्थ होतं, पण वडिलांपासून दूर केलं तर त्याहून जास्त." हे वाचताच तुझ्या हातून 'आई' आणि 'वडील' या शब्दांची अदलाबदल झाली, असे मी गृहीत धरले. अशा अदलाबदली लेखकांकडून होतात. मी शेकडो दुरुस्त केल्या आहेत. ही गोष्ट इतकी उघड वाटली की शंकापत्रात घालण्याचीही गरज भासली नाही. दोन्ही शब्दांवर लाल शाईने खूण करून त्यांच्या जागा बदलल्या.

काल घरची प्रत पाहताना तो परिच्छेद यशोदाबाईंना वाचून दाखवला. दुरुस्तीसह वाचला. त्या लसूण सोलत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "हे काई पटून नाई राहिलं, मास्तर. वरतं तं तुमीच वाचलं का पिल्लू दिवसभर बापाच्या पाठीवर रायते, मायजवळ फकत प्यायले जाते. मंग बाप गेला तं जास्त रडन का माय गेली तं?"

मी म्हणालो की मूळ प्रतीत तसेच होते, परंतु ती चूक असल्याने मी बदलले.

"तिनं काय लिवलन होतं?"

मी सांगितले.

"मंग काहून बदलवलं? ते पोरगी चार वर्सं जंगलात मच्छर चावून घेत पाहून आली, अन् तुमी इथं दिवाणावर बसून राहिले. माहा मुन्ना लहान होता तवा त्याचा बाप डोंग्यात घेऊन जाये त्याले रोज तलावावर. एक दिवस बापाले ताप आला, एकटाच निजला आतमंदी. मुन्नानं घर डोक्यावर घेतलन. मी समोर बसून होती, मले विचारेच ना."

मग मी पुढील पान नीट वाचले. बंदिस्त जागेत ठेवलेल्या टीटींच्या पिल्लांवर हेच प्रयोग झाले असून निष्कर्ष हाच आहे, आणि जंगलात तू स्वतः पाहिलेले त्याच्याशी जुळते, असे तू तेथे सविस्तर दिले आहेस. मी ते पान शुद्धलेखनासाठी वाचले होते. अर्थासाठी वाचले नव्हते.

सकाळी दहा वाजता प्रकाशकांना दूरध्वनी केला. तो फर्मा छापून झाला आहे. पाचशे प्रती. बांधणी या आठवड्यात आहे. मी उद्या पहिल्या बसने नागपूरला जातो.

परसराम


अड्याळ
१९ जुलै २०२५

चि. रुचिता,
सप्रेम जय भीम.

येत्या ऑगस्टच्या वीस तारखेला तू, अमर आणि गुड्डी असे तिघेही तीन वर्षांसाठी पेरूला जात आहात, हे मला प्रकाशकांकडून कळले. प्रकाशन त्यापूर्वी व्हावे म्हणून ते घाईत होते. फर्मा पुन्हा छापण्यास वेळ नव्हता. शुद्धिपत्र जोडू म्हणाले. शुद्धिपत्र कोणी वाचत नाही, हे मी त्यांना अनुभवाने सांगितले. जुना उपाय एकच आहे : योग्य ओळ वेगळ्या कागदावर छापून घ्यायची, तिच्या पट्ट्या कापायच्या आणि प्रत्येक प्रतीत चुकीच्या ओळीवर हाताने चिकटवायच्या. प्रकाशकांकडे माणसे मोकळी नव्हती. मी म्हणालो की, चूक माझी असल्याने पट्ट्याही मीच चिकटवीन.

माझा डोळा आणि सरळ रेषा यांचे अजून पुरते जमत नाही. दुसऱ्या दिवशी यशोदाबाई नागपूरला आल्या. त्यांना मी बोलावले नव्हते. मैद्याची खळ त्यांनी केली, कारण बाटलीतल्या गोंदाने कागद सुरकुततो, असे त्यांचे म्हणणे पडले आणि ते खरे निघाले. आम्ही बांधणीच्या खोलीत चार दिवस बसलो. त्या खळ लावत, मी पट्टी बसवत असे. तेथील बांधणी कामगार चहा देताना म्हणाला, "आजोबा, एका ओळीसाठी एवढं? कोन पाहते?" यशोदाबाई म्हणाल्या, "तुले माईत नाही. यायनं माह्या बाजाराच्या पाटीवरचं 'मासोळी' पुसून चार खेप लिवलंन."

पाचशे पट्ट्या. प्रत्येक बसवताना ओळ वाचावीच लागते, नाहीतर ती उलटी बसते. "वडिलांपासून दूर केलं तर त्याहून जास्त." पाचशे वेळा वाचले. दुसऱ्या दिवशी दुपारी, अंदाजे दोनशेव्या प्रतीला, मला आपले अंगण आठवले.

सहा वर्षांपूर्वीचा मे महिना होता, तुझी आई जाऊन तीन महिने झाले होते. तिच्या पुण्यानुमोदनाला तू एकटी आली होतीस. त्या दिवशी मात्र बाराच्या बसने अमरला घेऊन आलीस. अश्विनशी झालेले लग्न कागदावर कायम होते, पण त्याचे घर तू सोडले होतेस. अमरसोबत राहणार असल्याचे सांगायला तू आली आहेस हे मला ठाऊक होते. अंगणात फरशी तापलेली होती. अमरच्या खांद्यावर तुझी आणि अश्विनची गुड्डी होती, दीड वर्षाची, डोक्यावर तुझी ओली ओढणी. मी दारात उभा राहिलो. पाणी विचारले नाही. तुझ्याशी बोललोच नाही. मी त्याला म्हणालो, "ते लेकरू खाली ठेवा. ते तुमचे नाही."

त्याने ठेवले. वाद घातला नाही. मला तेव्हा वाटले की, या माणसाला स्वतःचे म्हणणे नाही. आज वाटते, वडीलधाऱ्याचा शब्द म्हणून त्याने ठेवले.

फरशीने तिचे पाय भाजले आणि ती ओरडली. तू तिच्यापासून दोन हातांवर उभी होतीस, हात पुढे केलेले. ती तुझ्याकडे आली नाही. ती त्याच्याकडे वळली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. हे मी पाहिले, रुचिता. माझी दृष्टी तेव्हा चांगली होती. मी पाहिले आणि मनात म्हणालो की, मुलीला वाईट सवय लावली आहे.

तुझ्या वाक्याच्या बाबतीत मी जे केले तेच मी त्या दिवशी अंगणात केले होते. समोर जे होते ते वाचले आणि ते असे असूच शकत नाही म्हणून त्याच्या जागा बदलल्या. फरक इतकाच की पुस्तकासाठी पट्टी चिकटवता येते.

करडी गटाचे प्रकरण मी परतीच्या बसमध्ये पुन्हा वाचले. तेथला नर नाहीसा होतो, नवा येतो, आधीच्याचे पिल्लू तिथेच असते. नवव्या दिवशी नवा नर फांदीवर पाठ खाली करतो आणि पिल्लू चढते. "हे मी एकदाच पाहिलं, म्हणून यावरून नियम काढत नाही," असे तू लिहितेस. तुझा हा संयम मला शिकवता आला असता तर बरे झाले असते. तू तो कुठून शिकलीस ते मला माहीत नाही.

माकडांत आपल्याला शोधू नका, असे तू बजावलेस. मी शोधले. याबद्दल क्षमा मागत नाही. अंगणातल्या वाक्याबद्दल मागतो.

वीस तारखेपूर्वी तुम्ही तिघे अड्याळला याल काय?

बाबा


अड्याळ
२९ जुलै २०२५

चि. रुचिता,
सप्रेम जय भीम.

तुझे पत्र मिळाले. पाच ओळींचे आहे, पण पत्र आहे. त्यात एकही चूक नाही, किंवा असल्यास मी ती पाहिली नाही.

तू लिहितेस : "क्षमा माझ्याकडे मागू नका. त्या दिवशी तुम्ही मला काही बोललाच नव्हता, जे बोललात ते अमरला. त्याला लिहा. यायचं की नाही ते तो ठरवेल, मी त्याला एका शब्दानं सांगणार नाही. आणि अश्विनच्या संमतीनं दत्तकविधान झालंय, गुड्डीच्या शाळेत वडील म्हणून अमरचं नाव आहे, हे आधी माहीत असू द्या."

हे योग्य आहे. मी त्याला लिहीन. परंतु त्याआधी तुला एक सांगणे भाग आहे. तुम्ही आलात आणि दारातच ते कळले, तर मी तुम्हांला फसवले असे होईल.

पहिल्या पत्रात 'स्वयंपाकाला एक बाई येतात' असे मी लिहिले. ते असत्य होते. यशोदाबाई येत नाहीत; राहतात. फेब्रुवारीत शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात दिवसातून सहा वेळा औषध घालावे लागे, म्हणून त्या पंधरा दिवसांसाठी राहिल्या. पंधरा दिवस संपले. त्या जाण्याचे बोलल्या नाहीत, मीही विचारले नाही. आम्ही लग्न केलेले नाही. त्या सकाळी तलावाकडच्या माणसांकडून मासोळी घेऊन बाजारात बसतात, संध्याकाळी मी त्यांना काहीतरी वाचून दाखवतो. त्या माझ्या वाचण्यात चुका काढतात. यापेक्षा अधिक सांगता येत नाही आणि यापेक्षा कमी सांगणे खोटे ठरेल.

गावाने काय म्हणावे ते म्हटले. आपल्या वस्तीतले म्हणाले, मास्तरांना आपल्यात कोणी मिळाले नाही का. त्यांच्या ढिवरपुऱ्यातले, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतले, त्यांना हेच म्हणाले. बाजारात एकाने मला ऐकू जाईल असे विचारले, "मास्तर आता मासोळीचं व्याकरण शिकून राहिले का?" उत्तर यशोदाबाईंनी दिले : "हो ना. तुले बी शिकायचं असन तं ये, पर आंघोळ करून येजो."

मुन्ना, त्यांचा मुलगा, दोन महिने या रस्त्याने फिरकला नाही. एप्रिलमध्ये एक दिवस आला. दोन किलोची रोहू उंबऱ्यावर ठेवली, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मायचे बोटं दुखतेत आजकाल. काटे तुमी निवडत जा." आणि गेला. तेव्हापासून काटे मी निवडतो.

तुझ्याकडून मी त्या मे महिन्यात काय मागितले होते? त्याच आठवड्यात मी तुला पत्राने कळवले की, पहिले नाते मोडल्याचा कागद हाती आल्याशिवाय दुसरे नाते घेऊन या घरात येऊ नकोस. माझ्याकडे मुन्नाने कसलाही कागद मागितला नाही. तो मासोळी घेऊन आला.

तुझ्या आईचा फोटो होता तिथेच आहे. यशोदाबाई रोज त्यावरची धूळ पुसतात. मी सांगितलेले नाही.

हे वाचून तुझे मत बदलले तर मला कळव. अमरला पत्र मी तरीही लिहिणार आहे.

बाबा


अड्याळ
२ ऑगस्ट २०२५

श्री. अमर यांस,
सप्रेम जय भीम.

मी आपणांस यापूर्वी कधीही पत्र लिहिलेले नाही. आपणांशी आयुष्यात दोन वाक्ये बोललो आहे. पहिले असे की, ते लेकरू खाली ठेवा. दुसरे असे की, ते तुमचे नाही.

ही दोन्ही वाक्ये मी परत घेतो. पहिले क्रूर होते आणि दुसरे खोटे होते. त्या दिवशी माझी पत्नी जाऊन तीन महिने झाले होते, उन्हाळा होता, माझी मनःस्थिती ठीक नव्हती, अशी काही कारणे मी मसुद्यात लिहिली होती. ती खोडली आहेत. माझ्या म्हणण्यावरून आपण मूल खाली ठेवलेत, तिचे पाय भाजले, आणि आपण तिला लगेच उचलून उन्हातून परत बसथांब्यापर्यंत चालत गेलात. पुढची बस साडेतीनला होती. तिथे सावली नाही. हे मला घरात बसून ठाऊक होते आणि मी उठलो नाही.

एक गोष्ट आपणांस सांगतो. ती रुचितालाही ठाऊक नाही. मी मुख्याध्यापक असताना एक शेतमजूर एका मुलाला पहिलीत घालायला घेऊन आला. मूल त्याच्या बायकोचे, आधीच्या नवऱ्यापासूनचे. त्याने मला विनंती केली की, बापाच्या रकान्यात माझे नाव घाला. मी नियम सांगितला. नियम बरोबरच होता. कागदाशिवाय मला नाव घालता येत नव्हते. पण तो जाताना दारात थांबून म्हणाला, "गुरुजी, मंग मी याचा कोन हाओ, ते तरी लिवा कुठं." मी म्हणालो की, त्यासाठी रकाना नाही. मला ते उत्तर त्या वेळी फार चोख वाटले होते. शिक्षकांच्या खोलीत मी ते सांगितलेही. सर्व हसले.

गुड्डीच्या शाळेत वडील म्हणून आपले नाव आहे, असे रुचिताने कळवले. ते तेथे असणे योग्य आहे, असे मी आपणांस लिहून देतो. माझ्या लिहून देण्याची आपणांस गरज नाही, हेही मला समजते.

आपण वीस तारखेला देश सोडणार आहात. त्यापूर्वी एक दिवस तिघांनी अड्याळला यावे, अशी माझी विनंती आहे. निर्णय रुचिताने आपणांवर सोपवला आहे आणि तिचे बरोबर आहे. आपण नाही म्हटलेत तर मी पुन्हा लिहिणार नाही, तिच्याकडेही आपली तक्रार करणार नाही. आलात तर भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या कोणत्याही बसने या. मी थांब्यावर असेन. घरी यशोदाबाई आहेत. त्या कोण, हे रुचिता सांगेल. गुड्डी मासोळी खाते काय, आणि तिला काटे काढून द्यावे लागतात काय, एवढे विचारून ठेवायला त्यांनी सांगितले आहे.

पत्राच्या शेवटी लिहिणाऱ्याने आपले नाते लिहावे, असे मी चौतीस वर्षे मुलांना शिकवले आणि न लिहिणाऱ्याचा एक गुण कापला. या पत्राखाली मी ते लिहिलेले नाही. मी त्या मुलीचा कोण आहे, हे तिच्या वडिलांनी ठरवायचे आहे.

परसराम